चढण, उतार आणि द्राक्षबागेतली पायवाट

दिवाळी आटोपते, सकाळच्या हवेत गारवा येतो आणि आपल्या नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) मंडळींचे पाय डोंगराकडे वळू लागतात. अकोले तालुक्यात कळसूबाई, हरिश्चंद्रगड आणि रतनगड आहेत. संगमनेरकरांना पेमगिरी जवळ. नगरकरांना चाँदबिबीचा महाल, डोंगरगण आणि गोरक्षनाथ गड हाकेच्या अंतरावर. जानेवारी उजाडला की यात आणखी एक नवे आकर्षण येते, ते म्हणजे द्राक्षांचे मळे. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात २००० सालाच्या सुमारास वाइनचा धंदा उभा राहिला. तेव्हापासून सुटीच्या दिवशी मळ्यांतून आणि लगतच्या टेकड्यांवरून पायी फिरण्याची टूम निघाली आहे. आपल्याकडेही राहाता, संगमनेर, पारनेर, श्रीगोंदे या भागांतील बागाईतदारांकडे पाहुणेमंडळी बागा पाहायला जातात.

ही आनंदाची गोष्ट आहे. माणसे टीव्हीसमोरून उठून चार पावले चालू लागली, तर आम्हा डॉक्टरांना दुसरे काय हवे? परंतु दर हिवाळ्यात सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यात रविवारी डोंगरावर गेलेले चार-पाच रुग्ण हमखास असतात. कोणाचा गुडघा सुजलेला, कोणाला चक्कर आलेली, कोणाची छाती भरून आलेली. यातील बहुतेकांचा त्रास थोड्या माहितीने टळला असता. म्हणून या आठवड्यात चढ, उतार आणि द्राक्षबाग या तीन गोष्टींचा शरीराशी काय संबंध आहे ते पाहू.

चढावर शरीरात काय होते?

सपाट रस्त्यावर चालताना शरीराला फक्त पुढे सरकायचे असते. चढावर मात्र स्वतःचे सगळे वजन पावलागणिक वर उचलावे लागते. शंभर मीटर चढणे म्हणजे साधारण तेहतीस मजली इमारतीचा जिना चढणे, असा हिशेब करावा. सपाटीवर चालताना स्नायूंना जेवढा प्राणवायू लागतो, त्याच्या सुमारे दुप्पट तो खड्या चढावर लागतो. हा प्राणवायू पोचविण्यासाठी हृदय जोराने व भराभर चालते, श्वास वाढतो. म्हणजे डोंगर ही हृदयाची एक परीक्षाच असते, आणि ती न सांगता घेतली जाते.

या परीक्षेचा फायदाही तेवढाच मोठा आहे. लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस यांनी १९५३ साली तेथील दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, असे त्यांना आढळले. रोजच्या शारीरिक श्रमाचा हृदयाशी असलेला संबंध पुढे अनेक अभ्यासांतून पक्का झाला. मात्र एक भेद लक्षात ठेवावा. कंडक्टर रोज चढत होते. आपण वर्षातून एकदा चढतो आणि तेही पोराबाळांसमोर मागे पडू नये म्हणून धावतपळत.

"डॉक्टर, कळसूबाईवर हवा विरळ असते, म्हणून दम लागला," असे मला बरेच जण सांगतात. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट उंच आहे. महाराष्ट्रातील हे सर्वांत उंच ठिकाण असले, तरी उंचीचा म्हणून जो आजार असतो तो सहसा अडीच हजार मीटरच्या वर दिसतो. कळसूबाईवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ८२ टक्के असतो आणि निरोगी माणसाला तेवढा पुरतो. तेव्हा तेथे बरोबरीच्या इतरांपेक्षा फारच दम लागत असेल, तर दोष हवेला देऊ नये. कारण स्वतःच्या शरीरात शोधावे. सवय नसणे, वाढलेले वजन, विडी-सिगारेट, दमा, हृदयविकार किंवा रक्तक्षय यांपैकी काहीतरी सापडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. "मला चढवत नाही" असे म्हणणाऱ्या आपल्या घरातील बाईला आळशी ठरविण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

किती वेगाने चढावे?

यासाठी घड्याळ किंवा नाडी मोजणे आवश्यक नाही. चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग जास्त आहे असे समजून कमी करावा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढतच नाही. अशा रुग्णांना नाडीवरून श्रमाचा अंदाज चुकीचा येतो. बोलण्याची ही कसोटी मात्र त्यांनाही लागू पडते.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक सोपा आडाखा दिला होता. दर पाच किलोमीटर चालीला एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. समजा, वाट सहा किलोमीटरची आहे आणि चढ तीनशे मीटरचा आहे. तर चालीचा एक तास बारा मिनिटे आणि चढाचा अर्धा तास, असे एकूण एक तास बेचाळीस मिनिटे झाले. हा आडाखा तरबेज माणसाचा आहे. नवख्यांनी व पन्नाशीपुढील मंडळींनी त्याची दीडपट धरावी, म्हणजे अडीच तास. विश्रांती आणि जेवण त्याहून वेगळे. असा हिशेब करून निघाले, तर अंधारात ठेचकाळत उतरण्याची पाळी येत नाही.

छातीची भाषा ओळखा

आता सर्वांत महत्त्वाचे. अठ्ठावन्न वर्षांचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे पित्ताची तक्रार घेऊन आले. जेवल्यावर त्रास होतो का, विचारले तर नाही म्हणाले. रात्री? नाही. मग केव्हा? म्हणाले, "टेकडीवरच्या देवळात जाताना अर्ध्या चढावर छातीवर दगड ठेवल्यासारखे होते, डावा खांदा दुखतो. पाच मिनिटे पायरीवर बसलो की थांबते. लिंबू-सोडा घेतला की बरे वाटते." त्यांना बरे वाटत होते ते बसल्यामुळे. लिंबू-सोड्याचा त्यात काही वाटा नव्हता. पुढे तपासणीत हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या निघाल्या. वेळेवर उपचार झाले आणि आज ते रोज फिरायला जातात.

त्यांचे वर्णन कात्रण करून ठेवण्यासारखे आहे. श्रम केल्यावर येणारे आणि थांबल्यावर जाणारे दुखणे हे पित्ताचे लक्षण नव्हे. ते छातीतच असेल असेही नाही. जबडा, गळा, दंड, पाठीचा वरचा भाग किंवा पोटाचे वरचे टोक यांतही ते जाणवते. मधुमेहींना आणि स्त्रियांना तर कधी दुखतच नाही, नुसता दम लागतो, घाम फुटतो किंवा मळमळते.

चढावर असे झाल्यास पुढीलप्रमाणे वागावे :

१) तेथेच थांबून बसावे. "एवढे शिखर गाठू, मग बसू" असे म्हणू नये.

२) बसल्यावर पाच-दहा मिनिटांत त्रास पूर्ण थांबला, तरी पुढे चढू नये. बरोबरच्या माणसाने रुग्णाला सावकाश, मध्ये मध्ये बसवत खाली आणावे आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे.

३) दहा मिनिटांत थांबला नाही, घाम सुटला किंवा जीव घाबरा झाला, तर हृदयविकाराचा झटका समजावा. १०८ क्रमांकाला फोन करावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी अथवा पोटात रक्तस्राव झाल्याचा इतिहास नसेल, तर ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्यावी. रुग्णाला चालवू नये. उचलून खाली आणावे.

४) जिभेखाली ठेवायची गोळी ज्याला डॉक्टरने लिहून दिली आहे त्यानेच ठेवावी आणि तीही बसून.

चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचे व्यसन किंवा घरात लवकर हृदयविकार झाल्याचा इतिहास असणाऱ्यांनी मोठ्या चढाईआधी तपासणी करून घ्यावी. "कार्डिओग्राम नॉर्मल आला" एवढ्यावर मात्र निर्धास्त होऊ नये. झोपून काढलेला कार्डिओग्राम विश्रांतीतील हृदयाचे चित्र दाखवितो. चढावरच्या हृदयाबद्दल तो फारसे सांगत नाही. लक्षणे असतील तर चालत्या पट्ट्यावरची तपासणी करावी की कसे, ते डॉक्टर ठरवतील.

उतार सोपा नसतो

चढताना दम जातो, उतरताना गुडघे जातात. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू लांब होत असतानाच शरीराचे वजन तोलून धरतात, ब्रेक लावल्यासारखे. या कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणून घरी आल्यावर काही वाटत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना "आई गं" होते. हे दुखणे तीन-चार दिवसांत आपोआप जाते. हलके चालत राहावे, शेक घ्यावा. दुखते म्हणून ओळीने वेदनाशामक गोळ्या गिळू नयेत. पाणी कमी प्यालेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला त्या बाधतात.

मात्र स्नायू अतिशय दुखून सुजले आणि लघवी चहासारखी काळपट झाली, तर घरी थांबू नये. स्नायू तुटून त्यातील द्रव्य मूत्रपिंडात अडकत असल्याची ती खूण असते. तसेच एकच गुडघा सुजला, अडकला किंवा त्यावर वजन पडत नसेल, तर ती इजा आहे असे समजून दाखवावे.

उतरताना लहान पावले टाकावीत. गुडघा ताठ न ठेवता किंचित वाकलेला ठेवावा. खड्या उतारावर सरळ न जाता नागमोडी जावे. हातात काठी असावी. आपला धनगर काठीशिवाय डोंगरावर पाऊल टाकत नाही, यात मोठे शहाणपण आहे. काठीमुळे गुडघ्यावरचा भार कमी होतो आणि तोलही सावरतो. बूट नवे कोरे नसावेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी. आदल्या दिवशी पायाची नखे कापावीत, नाहीतर उतारावर अंगठा बुटाला आपटून नख काळे पडते. मधुमेहींनी सुती मोजे घालावेत आणि घरी आल्यावर तळवे आरशात पाहावेत. त्यांना फोड आलेला कळत नाही आणि त्याचीच पुढे जखम होते. नवरात्रात मोहटादेवीला अनवाणी चालत जाणाऱ्या मधुमेही भाविकांना माझी हात जोडून विनंती आहे की, देवीचा राग ओढवणार नाही, पायात चप्पल घाला.

पाणी, मीठ आणि गोळ्या

आपला जिल्हा विचित्र आहे. पश्चिमेला घाटघर-भंडारदऱ्याकडे पाऊस कोसळतो आणि पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडे डोंगर उघडेबोडके असतात. पूर्वेकडच्या टेकड्यांवर हिवाळ्यातही दुपारचे ऊन लागते. उन्हात चालताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, घोटघोट करून घ्यावे. तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी ढोसणेही बरे नाही, त्याने रक्तातील मीठ उतरते. घरी जलसंजीवनी करायची तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ घालावे. मधुमेहींना मीठ घातलेले पातळ ताक चांगले.

इन्शुलिन किंवा साखर जोराने उतरवणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, घेणाऱ्यांनी उपाशी पोटी चढू नये. स्नायू साखर ओढून घेतात आणि रक्तातील साखर एकदम खाली येते. हात थरथरणे, घाम, भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे होत. खिशात साखर किंवा गूळ असावा आणि सोबत्याला आपल्या मधुमेहाची कल्पना द्यावी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी चढाईच्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. मनाने बंद करू नये.

द्राक्षबागेतून जाताना

युरोपात द्राक्षमळ्यांतून फिरण्याच्या वाटा जुन्या आहेत. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी लाव्हो येथे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांचे मळे आहेत. त्यांना युनेस्कोने २००७ साली जागतिक वारशात स्थान दिले. तेथील वाटांवर पाट्या आहेत, खुणा आहेत. आपल्याकडे बाग ही शेतकऱ्याची खाजगी मालमत्ता आणि वर्षभराची पुंजी. तेव्हा विचारल्याशिवाय आत शिरू नये, हा पहिला नियम. तो शिष्टाचाराचा आहे, तसाच आरोग्याचाही आहे.

द्राक्षवेलीच्या वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलमधील खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी फळासाठी. गोडी छाटणीनंतर डावणी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांपासून बाग वाचविण्यासाठी फवारणी वारंवार करावी लागते. ढगाळ हवेत तर जवळजवळ रोज. मोरचूद-चुन्याचे मिश्रण आणि गंधक हे जुने उपाय, पण त्यांच्याबरोबर आता इतर अनेक औषधे आली आहेत. ट्रॅक्टरच्या ब्लोअरने मारलेला तुषार वाऱ्याने बांधाबाहेर दूरवर जातो. म्हणजे बाहेरून बाग हिरवीगार दिसते तेव्हाच, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ती फिरण्यासाठी सर्वांत अयोग्य असते.

फिरणाऱ्यांनी एवढे पाळावे :

१) आज-काल फवारणी झाली का, हे मालकाला विचारावे. झाली असल्यास बागेत जाऊ नये. फवारणी चालू असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूने दूर जावे.

२) वेलीवरचा घड तोडून तसाच तोंडात टाकू नये. लहान मुलांवर लक्ष ठेवावे. वाहत्या पाण्यात नीट धुतल्यावरच द्राक्षे खावीत.

३) बागेतल्या रिकाम्या बाटल्या किंवा डबे पाण्यासाठी उचलू नयेत. ठिबकच्या नळीचे पाणीही पिऊ नये, त्यातून खते सोडलेली असतात.

४) घरी आल्यावर कपडे वेगळे धुवावेत व साबणाने अंघोळ करावी.

बागेत गेल्यावर तोंडाला लाळ सुटणे, घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंगातील स्नायू फडफडणे असे काही दिसले, तर ती कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे, उलटी करवू नये आणि औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी घेऊन तातडीने दवाखाना गाठावा. त्या चिठ्ठीवरून डॉक्टरांना उतारा ठरविता येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना अनेक शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरता कामा नये.

पेस्ट लावणाऱ्यांसाठी दोन शब्द

फिरायला जाणारा बागेत तासभर असतो, पण मजूर दिवसभर असतो. म्हणून हा भाग खास बागेत काम करणाऱ्या बंधुभगिनींसाठी.

गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. यालाच बागेत "पेस्ट लावणे" म्हणतात. हे द्रव्य कातडीला व डोळ्यांना भाजते. पण त्याचा आणखी एक गुण फारसा कोणाला ठाऊक नाही. ते शरीरात गेल्यावर दारू पचविणारी यंत्रणा बंद पाडते. दारूचे जे विषारी मधले रूप एरवी लगेच नाहीसे होते, ते मग रक्तात साचत जाते.

एका नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी चौघांनी मिळून एका तरुणाला माझ्याकडे आणले. चेहरा आणि छाती लालभडक, काळीज धडधडत होते, उलट्या, श्वास लागलेला, रक्तदाब उतरलेला. कोणी म्हणे झटका आला, कोणी म्हणे दारूत काही कालवले, तर म्हातारी म्हणे बाहेरचे झाले. दिवसभर काय काम केले, असे विचारल्यावर उलगडा झाला. सकाळपासून हातमोजे न घालता पेस्ट लावली होती आणि संध्याकाळी नेहमीपेक्षाही कमी, अर्धा ग्लास दारू घेतली होती. सलाइन आणि देखरेखीनंतर तो सावरला. त्याच्या जागी हृदयविकाराचा रुग्ण असता, तर प्रकरण जिवावर बेतले असते.

तेव्हा पेस्ट लावताना रबरी हातमोजे, अंगभर कपडे, डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच. कामाच्या आधी आणि नंतरचे काही दिवस दारूचा थेंबही नको. डब्यावर लिहिलेली मुदत त्याहून मोठी असेल तर ती पाळावी. बागमालकांनी मजुरी ठरविताना हातमोज्यांचा खर्चही धरावा. तो एका क्रेटच्या द्राक्षांपेक्षा जास्त नाही. आणि हौशी पाहुण्यांनीही ध्यानात घ्यावे की, ताजी पेस्ट लावलेल्या काड्यांना हात लावून नंतर वाइन चाखायला बसणे धोक्याचे आहे.

वाइन हृदयाला चांगली का?

हा प्रश्न मला हल्ली सुशिक्षित मंडळी हमखास विचारतात. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी त्याला विरोध केला. त्या वेळी तर रोज कोणीतरी विचारीत असे. राजकारण बाजूला ठेवून वैद्यकीय उत्तर देतो. दीडशे मिलिलिटरच्या एका ग्लास वाइनमध्ये सुमारे चौदा ग्रॅम अल्कोहोल असते. ते द्राक्षाचे असो की मळीचे, यकृताला फरक पडत नाही. पूर्वी थोडी लाल वाइन हृदयाला हितकारक मानली जात असे. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की, आरोग्याच्या दृष्टीने दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. लाल द्राक्षातील जे गुण सांगितले जातात, ते हवे असतील तर द्राक्षे खावीत.

त्यातही ज्याला अजून उतरायचे आहे किंवा गाडी चालवायची आहे, त्याने ग्लासाला हात लावू नये. दारूने लघवी वाढून पाणी कमी होते, तोल जातो, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याची साखर धोकादायक रीतीने उतरते. अशा वेळी तो बरळू लागला तरी सोबती "चढली आहे" म्हणून हसत बसतात. आधी साखर द्या, मग हसा.

साप, मोहोळ आणि झुडपातला कीटक

आपल्या कोरड्या, दगडगोट्यांच्या डोंगरांत फुरसे सापडते. दगड उचलताना, खोबणीत हात घालताना ध्यान ठेवावे. गडावर मुक्काम करणाऱ्यांनी उघड्या जमिनीवर झोपू नये, कारण मण्यार रात्री फिरते आणि तिच्या दंशाला वेदना जवळजवळ नसते. सर्पदंश झाल्यास आवळून बांधू नये, चिरू नये, चोखू नये. चावलेला अवयव काठीला बांधून स्थिर ठेवावा आणि रुग्णाला न चालवता सरकारी रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते.

कड्यांना आणि जुन्या इमारतींच्या कमानींना आग्या मोहोळ असते. तेथे धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तर टाळावे. माशा उठल्या तर तोंड झाकून धावत सुटावे, झोपून राहू नये. काटे लगेच खरवडून काढावेत. अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला किंवा श्वास लागला, तर एक मिनिटही दवडू नये.

पावसाळ्यानंतर झुडपांत बसणाऱ्यांना स्क्रब टायफस हा ताप होऊ शकतो. नागपूर भागात २०१८ साली त्याची मोठी साथ आली होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट या सूक्ष्म कीटकाच्या पिलाने चावल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो आणि काखेत, जांघेत वा कमरेशी विडीच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, म्हणून कोणी दाखवीत नाही. डॉक्टरला "मी डोंगरावर गेलो होतो" एवढे वाक्य सांगितले, तरी निदान लवकर होते. लवकर कळल्यास डॉक्सिसायक्लिनने हा आजार हटकून बरा होतो.

सहा आठवड्यांची तयारी

ज्यांना या हिवाळ्यात कळसूबाई करायची आहे त्यांनी अशी तयारी करावी. पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास सपाट रस्त्यावर भरभर चालावे. पुढचे दोन आठवडे त्यातील तीन दिवस जिना किंवा टेकडी चढावी, दहा मिनिटांपासून वीस मिनिटांपर्यंत. शेवटचे दोन आठवडे पाठीवर तीन किलो ओझे घ्यावे आणि उतरण्याचाही सराव करावा. उतरण्याचा सराव केलेल्याचे स्नायू नंतर कमी दुखतात. नगरकरांना यासाठी चाँदबिबीच्या महालाचा डोंगर उत्तम आहे. हा महाल खरे तर निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. तेथवर पक्का रस्ता आहे, त्यामुळे मध्येच दमल्यास परतीची सोय असते. तेथे न थांबता बोलत बोलत चढता आले, तर कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव गाठायला हरकत नाही.

पिशवीत एवढे असावे : दोन लिटर पाणी, जलसंजीवनीची दोन पाकिटे, गूळ-शेंगदाणे, आपल्या नेहमीच्या गोळ्या, ॲस्पिरिन, चिकटपट्टी, शिटी, बॅटरी, आणि एका चिठ्ठीवर आपले नाव, आजार, औषधे व घरचा फोन नंबर. एकट्याने जाऊ नये, आणि गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवावा. डोंगर कोठे पळून जात नाही. छातीने थांब म्हटल्यावर जो थांबतो, तो पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ शकतो.

(पुढील आठवड्यात : स्त्रियांमधील रक्तक्षय आणि घरचा आहार)